नागपूर ते मेलबर्न, थेट गाडी नाही

अहो, अभय गुरुवारी दुपारी पावणेदोनला पोचला. तुम्ही मंगळवारी पहाटेच गेलात, तेव्हा हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता, "गाडी किती लेट?" म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. आपला मुलगा लेट नव्हता. वेळापत्रक चुकलं होतं, आणि ते मी केलं होतं.

हे मी इरा आणि वेदसाठी लिहून ठेवते आहे. नातवंडांना मराठी बोललेलं समजतं, पण वाचताना अक्षरं जड जातात. म्हणजे मेलबर्नच्या त्यांच्या स्वयंपाकघरात बसून अभयच हे त्यांना वाचून दाखवणार, आणि पुढं त्याच्याविषयी जे येईल तेही त्यालाच मोठ्यानं वाचावं लागणार. वाचू दे. मुलांना आजोबा फोनच्या पडद्यावर मावत तेवढेच माहीत आहेत, कपाळ आणि अर्धा चष्मा, कारण तुम्हाला फोन कधी सरळ धरता आला नाही. बाकीचे आजोबाही त्यांना कळू देत. पण बोलणार मी तुमच्याशीच. सवय तीच आहे.

तुम्ही पुसदच्या बसस्टँडवर कंट्रोलर आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. अंतर या विषयावर आपलं कधीच जमलं नाही. माझं अंतर नकाशावरचं, पट्टी ठेवून मोजायचं. तुमच्या लेखी किलोमीटर ही गोष्टच नव्हती. उमरखेड किती लांब, असं कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "सकाळच्या गाडीनं सव्वा तास, बाजाराच्या दिवशी दीड." मी म्हणायची, "अहो, त्यांनी अंतर विचारलंय." तुम्ही म्हणायचात, "मंग मी काय सांगतलं?"

आणि तुमचा तो सिद्धान्त. "माणूस स्टँडवरून नाही निघत, मास्तरीणबाई, घरून निघते. घरची कडी लावली तवा प्रवास सुरू. तिकडची कडी वाजवली तवा संपला. मधातलं सगळं धरा लागते."

"मेलबर्नला कडी नसते. बेल असते."

"मंग बेल धर."

मुलांनो, तुमच्या आजोबांनी माझ्यासाठीसुद्धा कधी गाडी थांबवली नाही, हेही ऐकून ठेवा. आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मला बोर्डाचे तपासलेले पेपर घेऊन यवतमाळला जायचं होतं. हातात गठ्ठा, धावत फलाटावर आले, दोन मिनिटं उशीर झालेला. यांनी मला बघितलं, घड्याळ बघितलं आणि शिट्टी मारली. गाडी माझ्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर गेली. मी सगळ्या स्टँडसमोर म्हणाले, "बायको आहे मी तुमची!" तर म्हणतात, "गाडीत पन्नास जण बसले हायेत. त्यायले काय बायका नाहीत?"

अहो, चार दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. पाचव्या दिवशीही बोलले ते, मीठ कुठं ठेवलंय हे तुम्हाला सापडेना म्हणून.

अभय मेलबर्नला गेला त्या वर्षी मी संगणकावर एक पान शोधून काढलं. दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ तिथं येत असे. मी नागपूर टाकलं, मेलबर्न टाकलं. साडेनऊ हजार किलोमीटर, बारा तास. मला एवढा आनंद झाला की मी तो आकडा तारीख घालून वहीत उतरवून ठेवला.

"बघा, फक्त बारा तास. इथून मुंबईची तुमची गाडी याहून जास्त घेते."

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "नागपूरहून तिकडं थेट गाडी हाय?"

"थेट नाही."

"मंग हे बारा तास कोणाले लागते? बगळ्याले?"

"अहो, हे अंतर आहे. शास्त्रीय."

"शास्त्रीय गाडीत बसून आजवर कोण आलं, नाव सांग."

मी पान बंद केलं. पण बारा तास माझ्या डोक्यात राहिले. खरं सांगायचं तर मला ते हवे होते. एकुलता मुलगा बारा तासांवर आहे, असं म्हणत मी रोज सकाळी उठू शकत होते. त्याहून मोठा आकडा मला नको होता, आणि तुम्ही तो रोज माझ्यासमोर धरायचात, याचा मला राग यायचा.

चुका तुमच्याही होत्या, त्या मी झाकणार नाही. अभयनं पहिल्यांदा तिकिटांचा फोटो पाठवला तेव्हा तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात आणि पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केलीत. दिल्लीहून जाताना सतरा तास, येताना आठ. तुम्ही दोनदा वजाबाकी केलीत आणि गंभीर चेहऱ्यानं मला विचारलंत, "मधात घाट हाय का? जाताना चढ, येताना उतार?" मी संत्रं आणि विजेरी घेऊन तुम्हाला पृथ्वी फिरवून दाखवली, तिकडचं घड्याळ पुढं का असतं ते समजावलं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत, संत्रं सोलून खाल्लंत आणि म्हणालात, "घड्याळ पुढं केल्यानं गाडी लवकर येत नसते."

नंतर ती मंडळी पहिल्यांदा इकडं आली तेव्हा तुम्ही दारातच त्यांना अडवून अभयकडून एकेक वेळ विचारून घेतलीत. टॅक्सी किती, रांग किती, बॅगा यायला किती, विमानतळावर नुसतं बसणं किती. कळंबला चहासाठी थांबलेली वीस मिनिटंही सोडली नाहीत. जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं बेरीज केलीत: त्रेचाळीस तास दहा मिनिटं. मी म्हटलं, "यात विमानाचे फार तर पंधरा. बाकी सगळी दिरंगाई." तुम्ही म्हणालात, "दिरंगाईबी रस्ताच हाय." चार वर्षांची इरा तेव्हा तुमच्या खांद्यावर झोपली होती. तिची ओळखही नीट झाली नव्हती, तरी झोपली होती. तुम्ही तासभर हलला नाहीत. हात अवघडला तरी मला घेऊ दिली नाहीत. "पोरीनं त्रेचाळीस तास काढले," म्हणालात, "अन् तू म्हणतं बारा."

आपलं शेवटचं खरं भांडणही यावरूनच झालं. तुमच्या स्टँडवरचे एक जुने ड्रायव्हर गेले, त्यांचा मुलगा अमेरिकेत. तीन दिवस त्याची वाट बघितली. तुम्ही तिथून आलात, अंघोळ केलीत, भुईमुगाच्या शेंगा फोडत अंगणात बसलात.

"माह्या टायमाले कोणाची वाट पाहायची नाही. थांबवलेली गाडी सगळ्यायले उशीर करते."

"असं कसं? अभय नको का यायला?"

"आला तर आला. नाही आला तर तो रस्त्यात हाय. रस्त्यात असलेला माणूस गैरहजर नसते."

"अभद्र बोलू नका. बारा तासांत येईल तो."

"तुहे बारा तास!" तुम्ही शेंगांची टरफलं झटकलीत. "मंग तूच पाहून घे."

पाहून घेतलं. ऐका आता.

मंगळवारी पहाटे सहाच्या आत तुम्ही पाणी मागितलंत. मी पेला घेऊन आले तोवर तुम्ही गेला होतात. दोन मिनिटं थांबला नाहीत. तुमच्या स्वभावाला धरूनच झालं, पण याचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

अभयला फोन केला. तिथं सकाळचे साडेदहा वाजत आले होते. "निघतो, आई," एवढंच तो बोलला. मग मी टेबलाशी बसले आणि जन्मभर जे केलं तेच केलं, कागद घेऊन आखणी केली. विमान बारा तास. नागपूरहून पुसद पाच. तिकडचं इकडचं वरखर्चाला सात. एकूण चोवीस. उद्या सकाळी सहा. घर माणसांनी भरत होतं आणि येणारा प्रत्येकजण विचारत होता, अभय कधी येतोय? मी प्रत्येकाला ठामपणे सांगत होते, उद्या सकाळी सहाला, बारा तासांचाच तर रस्ता आहे. मॅडमनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. कुणी विचारलं नाही की थेट गाडी आहे का. ते विचारणारा माणूस तिथं आडवा होता.

प्रभाकरभाऊजी, तुमचे धाकटे भाऊ, सोयाबीनची फवारणी अर्ध्यावर टाकून उमरखेडहून आले. तुमच्या मोठ्या बहिणीला, आक्कांना, महागावहून आणलं. तुम्हाला ठेवायला थंड पेटी आली. आपल्याकडं माणूस घराबाहेर पडेपर्यंत चूल पेटत नाही. बाकीचे गुपचूप शेजारी जाऊन चहा-पोहे घेऊन आले, पण आक्का हलल्या नाहीत. ऐंशी ओलांडलेली बाई, साखरेचं दुखणं, रोजचं इंजेक्शन.

"माहा भाऊ उपाशी पडून हाय अन् मी खाऊ?"

बुधवारी सकाळचे सहा वाजले. सात वाजले. माणसं माझ्याकडं बघू लागली. नऊला अभयचा फोन आला, सिंगापूरच्या विमानतळावरून. आदल्या रात्रीचं विमान कसंबसं मिळालं होतं. मुंबईचं विमान संध्याकाळी, नागपूरचं गुरुवारी पहाटे. "उद्या दुपारपर्यंत पोचतो. थांबशील ना, आई?"

मी पेटीकडं पाहिलं, मग आक्कांकडं. भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते, हात थरथरत होते. मी साखरेचं पाणी पुढं केलं, तर त्यांनी पेला माझ्या हातासकट बाजूला सारला.

"नाही, अभय. अकरा वाजता नेणार आहोत."

"एकच दिवस, आई."

"नाही."

रस्त्यात असलेल्या माणसाविषयीचं तुमचं ते वाक्य मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंच नाही. आक्कांचे हात सांगायला हवे होते, तेही सांगितले नाहीत. नुसतं नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

भाऊजी पुढं आले. "वहिनी, काहून घाई करून राह्यल्या? पोरगा येऊन राह्यला नं. एक दिस थांबलो, अजून एक थांबू."

"आक्का थांबतील का, भाऊजी?"

त्यांनी वळून आक्कांकडं पाहिलं आणि त्यांच्या पाठीला उशी लावली.

"अग्नी तुम्ही द्या."

"मी? पोराचा हक्क हाय तो. मी नाही घेणार."

"मग मी देते."

कुणीतरी मागून म्हणालं, "आपल्यात बाया मोक्षधामात जात नाहीत."

"आजपासून जातात," मी म्हणाले.

तुम्हाला वाटेल की यावर मोठा गोंधळ झाला असेल. होणार होता. पण भिंतीला टेकलेल्या आक्का बोलल्या, "जाऊ द्या तिले. चाळीस वर्सं त्याच्यासंगं तीच भांडली. शेवटचंबी तिलेच करू द्या." त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

मडकं वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं आणि धूर थेट डोळ्यांत जात होता. वाटेत स्टँड लागलं. दिग्रसच्या गाडीचा ड्रायव्हर तुम्हाला ओळखून खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला. आम्ही पुढं सरकलो तसा वर चढला आणि गाडी काढली. मी घड्याळ पाहिलं. वेळेवर सुटली.

अग्नी मी न थांबता दिला. ते बळ कुठून आलं, हे मला नंतर कळलं. फलाटावर पेपरांचा गठ्ठा घेऊन उभी असलेली ती मुलगी आठवली, जिच्यासाठी गाडी थांबली नव्हती. त्या गाडीबद्दल मी तुम्हाला इतकी वर्षं बोल लावले. आज आभार मानते. पण ते एका गाडीपुरते, सगळ्या भांडणांचे नव्हेत. संत्र्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. घड्याळ तिकडं पुढंच असतं.

घरी आल्यावर शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. आक्कांनी पहिला घास तोंडात घातला तेव्हा मी रडले. तोवर रडले नव्हते.

गुरुवारी अभय आला तेव्हा फरशी धुवून घेतलेली, अजून ओली होती. तुमच्या जागी दिवा तेवत होता. तो बॅग खांद्यावर घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला. "झालं?" मी म्हटलं, "हो." त्यानं दिव्यापाशी डोकं टेकलं आणि पुढचे दिवस सगळं नीट केलं, जे सांगितलं ते. माझ्याशी कामापुरतं बोलला.

तेरवीच्या पंगतीत एक नातेवाईक, नाव घेत नाही, शेजारच्याला म्हणाला, "बारा तासाचा रस्ता अन् पोट्टा तीन दिसानं आला. बाहेर गेलेल्यायले बाप कायले पाहिजे?" अभय त्याच पंगतीत बुंदी वाढत होता. त्यानं ऐकलं. मीही ऐकलं. अहो, मी जन्मभर मुलींच्या वह्यांतली वाक्यं लाल शाईनं सुधारली आणि हे एक वाक्य तसंच जाऊ दिलं. कारण ते त्या माणसाचं नव्हतं. त्यातले बारा तास माझे होते.

निघताना गाडीचं दार धरून अभय म्हणाला, "अग्नीचं मी कधीतरी समजून घेईन, आई. पण बारा तास तू सांगितलेस सगळ्यांना. तुझा फोन आल्यापासून छप्पन तास मी डोळा मिटला नाही, आणि गावाच्या लेखी मी उशिरा आलो."

हे ऐकल्यावर दोन दिवस मी वहीतला तो बारा तासांचा आकडा उघडून बसले. मग उठले. ज्या ज्या माणसाला मी बारा तास सांगितले होते, त्याला त्याला गाठून दुरुस्ती करायला लागले. भाजीबाजारात, दूध केंद्रावर, शाळेतल्या जुन्या शिक्षिकांना. "नागपूरहून मेलबर्नला थेट विमान नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. अभय एक मिनिटही वाया न घालवता आला." लोक म्हणतात, "जाऊ द्या न, मॅडम, झालं ते." मी म्हणते, "जाऊ देणार नाही. पुन्हा सांगा पाहू, किती तास?" त्या नातेवाइकाच्या घरी तर लाल गाडीनं दिग्रसला गेले. चहा घेतला, बिस्कीट घेतलं, आणि त्याच्या सुनांसमोर त्याला छप्पन तास तपशीलवार समजावून सांगितले. बिचारा म्हणाला, "बोलून गेलो जी." मी म्हटलं, "मीही बोलूनच गेले होते. म्हणून आले."

आता मी तिकडं जाणार आहे. दिवाळीनंतरचं तिकीट काढलं आहे. पुसदहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, तिथून सिंगापूर, मग मेलबर्न. भाऊजींनी ऐकलं तशी डोकं धरलं. "वहिनी, वर्ष तर होऊ द्या. वर्षाच्या आत समुद्रापल्याड जात नाहीत."

"भाऊजी, माझ्या घरी काय झालंय ते समुद्राला कोण सांगणार आहे?"

"लोक सांगतील."

"त्यांनाही मीच सांगून निघते."

अभयला फोन केला. "तीन विमानं आहेत, आई. गुडघे दुखतात तुझे. एकटी कशी येशील?"

"बसून येईन."

मग तो हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. लगेच थांबला, हसायला नको होतं असं वाटल्यासारखा. मी त्याला थांबू दिलं. बाकीचं फोनवर बोलायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

त्याच्या दारात पोचले की बॅग खाली ठेवायच्या आधी मी त्याची माफी मागणार आहे. इरा आणि वेदसमोर, मोठ्यानं. बारा तासांची माफी. अग्नीची मागणार नाही. माझं बोलणं कुणाला लागलं की मागाहून त्याला गाठून "तिचं मनावर घेऊ नका" म्हणायची तुमची सवय होती ना? या वेळी तसलं काही करायचं नाही. जिथं असाल तिथं गप्प बसा. मी केलं ते बरोबर केलं, आणि ते त्याला मीच सांगेन.